ज्वालामुखीच्या तळ्याकाठी, घरगुती सफारी लॉजवर राहायचं तर

युगांडाच्या पश्चिमेला फोर्ट पोर्टल शहराच्या दक्षिणेकडे न्दाली-कासेंडा नावाचा पट्टा आहे. डोंगरउतार, चहाचे मळे, केळीच्या बागा आणि त्यात जागोजागी गोल, खोल तळी. जालन्याहून लोणार पाहून आलेल्यांना आकार लगेच ओळखीचा वाटेल. जन्म मात्र वेगळा. लोणार उल्का आदळून झालं. इथे खालून वर येणारा तप्त शिलारस भूजलाला भिडला, पाण्याची एकदम वाफ झाली आणि जमीन फुटून खड्डे पडले. पुढे ते पाण्याने भरले. यातल्याच न्यिनाम्बुगा तळ्याचं चित्र युगांडाच्या वीस हजार शिलिंगच्या नोटेवर आहे.

या तळ्यांच्या कडेवर सहा ते दहा खोल्यांचे, एकेका कुटुंबाने चालवलेले लॉज आहेत. मालक तिथेच राहतो, जेवायला पाहुण्यांसोबत बसतो, त्याची कुत्री व्हरांड्यात लोळत असतात. हॉटेलची सवय असलेला माणूस इथे पहिल्या दिवशी वैतागतो, कारण रिसेप्शन नाही, रात्री-बेरात्री रूम सर्व्हिस नाही आणि बाजार लांब आहे. अशा जागी बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं: जे आधी कळवायला हवं होतं, ते पोचल्यावर सांगितलं.

कधी जायचं

इथे पावसाळे दोन: मार्च ते मे, आणि ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत. म्हणजे दिवाळीची सुट्टी आणि मे महिना, आपल्याला सोयीचे दोन्ही काळ तिथे ओले. मुरमाचे रस्ते तेव्हा घसरडे होतात आणि जंगलात चिखल असतो. शाळेच्या सुट्टीतच जायचं असेल तर जूनचा पहिला पंधरवडा धरावा. पाऊस ओसरलेला असतो आणि आपल्याकडे शाळा उघडायला अवकाश असतो. शेती असलेल्यांना जून जमणार नाही. त्यांच्यासाठी तूर निघाल्यानंतरचा आणि ज्वारी काढणीला येण्याआधीचा जानेवारी उत्तम. नाताळच्या आठवड्यात दर चढे असतात आणि जागाही लवकर भरतात.

आफ्रिका म्हणजे ऊन हा समज घरीच ठेवा. हा पट्टा विषुववृत्ताला लागून असला तरी उंची दीड हजार मीटरच्या आसपास आहे. रात्री पंधरा अंशांपर्यंत पारा उतरतो, भल्या पहाटे उघड्या जीपमध्ये त्याहून गार लागतं. स्वेटर, कानटोपी आणि हलका रेनकोट हवाच. फक्त लष्करी छापाचे, हिरव्या-खाकी ठिपक्यांचे कपडे नेऊ नका. युगांडात सामान्य माणसाला ते घालायला बंदी आहे. गडद निळा आणि काळा रंगही टाळा, त्या रंगांवर त्सेत्से माशी येते आणि तिचा चावा कपड्यातूनही लागतो.

कागदपत्रं: क्रम चुकवू नका

पहिलं काम पिवळ्या तापाची लस. व्हिसाच्या अर्जालाच तिचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे तिकिटाच्याही आधी हे उरका. लस फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते. मुंबईत अशी केंद्रं आहेत, वेळ आधी घ्यावी लागते, पासपोर्ट सोबत लागतो. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा साठीच्या पुढचं वय यांपैकी काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, केंद्रावरच्या रांगेत नको.

ई-व्हिसा सरकारी पोर्टलवरूनच काढा. एकदा प्रवेशाचा पर्यटक व्हिसा ५० डॉलर, वर थोडा सरचार्ज. केनिया आणि रवांडाही करायचं असेल तर तिन्ही देशांचा मिळून ईस्ट आफ्रिका व्हिसा १०० डॉलरला मिळतो, मुदत ९० दिवस. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी. आडनाव आणि वडिलांचं नाव पासपोर्टवर ज्या क्रमाने आहे तसंच भरा. आपल्याकडे तीन नावांच्या गोंधळात अर्ज अडकतात.

युगांडाचा आंतरराष्ट्रीय विमानतळ एन्टेबेला आहे. युगांडा एअरलाइन्सची मुंबई-एन्टेबे थेट सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, प्रवास सहा तासांच्या आसपास. नाहीतर अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे. नैरोबीत विमानतळाबाहेर पडणार असाल तर प्लास्टिकच्या कॅरीबॅगा सामानात ठेवू नका, केनियात २०१७ पासून बंदी आहे. फराळ डब्यात किंवा कापडी पिशवीत भरा. नांदेड, लातूर, परभणीहून निघणाऱ्यांनी विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठावी; रात्रीच्या गाडीने सकाळी उतरून दुपारचं विमान पकडायचा हिशेब एखाद्या सिग्नलवर कोसळतो.

एन्टेबेहून फोर्ट पोर्टल साडेतीनशे किलोमीटरच्या आत आहे, पण राजधानी कंपालाची वाहतूक धरून सहा-सात तास जातात. पहिली रात्र एन्टेबेतच काढून सकाळी लवकर निघावं. तिथे सूर्य वर्षभर सातच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो, संधिप्रकाश जेमतेम वीस मिनिटांचा. अंधारात मुरमाच्या रस्त्यावर शिरायचं नाही, हा नियम समजा. छोट्या विमानाने कासेसेला उतरायचा पर्याय आहे, पण सामान माणशी पंधरा किलो आणि तेही मऊ बॅगेत. कडक ट्रॉलीबॅग त्या विमानाच्या पोटात मावत नाही.

बुकिंगच्या मेलमध्ये काय विचारायचं

दर विचारण्याआधी दरात काय धरलंय ते विचारा. साधारण दर माणशी, एका रात्रीचा, तिन्ही वेळचं जेवण धरून असतो, खोलीचा नसतो. पेयं, कपडे धुणं आणि जंगलाचे परवाने वेगळे. एकट्या माणसाला जादा आकार पडतो. ड्रायव्हरच्या राहण्या-जेवणाची सोय लॉजवर आहे का, तिचे पैसे कोण देणार, हे आधीच ठरवा. शेवटच्या दिवशी बिलावरून होणारे वाद बहुधा याच ओळीवरून होतात.

मग खोलीबद्दल. लॉज तळ्याच्या कडेवर असतात, म्हणजे उतारावर. जेवणघरापासून सर्वांत लांबची खोली पन्नास-साठ पायऱ्या खाली असू शकते आणि नजाराही तिथूनच चांगला दिसतो, म्हणून ती आधी दिली जाते. गुडघे दुखणारी आई किंवा सासू सोबत असेल तर ‘सर्वांत कमी पायऱ्यांची खोली’ असं स्पष्ट लिहा. संडास खोलीतच आहे का बाहेर, पाश्चात्त्य का कंपोस्टचा, हेही विचारा. कंपोस्टच्या संडासात पाणी ओतायचं नसतं, वापरल्यावर राख किंवा भुसा टाकायचा. आपल्या सवयीप्रमाणे मगभर पाणी ओतलं तर आतली कुजण्याची क्रिया बिघडते आणि दोन दिवसांत वास सुटतो. धुण्यासाठी जागा वेगळी आहे का ते विचारून घ्या, लाजू नका.

विजेचं विशेष सांगायला हवं. बहुतेक ठिकाणी सोलर आणि बॅटरी, कधी संध्याकाळी काही तास जनरेटर. बल्ब आणि मोबाइल चालतात. आपली मंडळी बॅगेतून इलेक्ट्रिक किटली आणि छोटा राइस कुकर नेतात. दीड हजार वॅटची किटली लावली की इन्व्हर्टर बसतो आणि त्या रात्री सगळ्या लॉजचे दिवे जातात. नेऊच नका. गरम पाणी हवं असेल तर सकाळी सहाला थर्मास दारात ठेवायला सांगा, आनंदाने ठेवतात. प्लग इंग्लंडसारखा, तीन चौकोनी पिनांचा. ॲडॉप्टर इथूनच घ्या. इन्सुलिन ठेवायला फ्रिज रात्रभर चालू असतो का, हे मधुमेहींनी लेखी विचारावं.

जेवण

शाकाहारी माणूस युगांडात उपाशी राहत नाही. उकडून कुस्करलेली हिरवी केळी म्हणजे मटोके, शेंगदाण्याचा दाट रस्सा, राजम्यासारखे बीन्स, मक्याचा घट्ट पोशो, आणि चपाती तर तिथली रोजची झाली आहे. अव्हाकॅडो, पपई, अननस मुबलक. एकादशीवाल्यांची तर चैन: रताळी, शेंगदाणे, केळी कायम हाताशी.

अडचण ‘व्हेज’ या शब्दाने होते. तिथे मासा आणि चिकनचा रस्सा चालतो असं धरलं जातं, अंडं तर हमखास. म्हणून यादी करून पाठवा: मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, चिकनच्या पाण्यात शिजवलेलं काही नाही. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर तेही. ही यादी पंधरा दिवस आधी मेलने आणि पोचल्या दिवशी स्वयंपाकघरात प्रत्यक्ष, अशी दोनदा सांगा, कारण मेल वाचणारा आणि फोडणी देणारा माणूस वेगळा.

आयत्या वेळी डाळ मागू नका. दीड हजार मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, बहुतेक ठिकाणी चूल लाकडाची असते आणि प्रेशर कुकर असेलच असं नाही. कडधान्य आदल्या रात्री भिजवून दोन-तीन तास शिजवावं लागतं. संध्याकाळी सातला सांगितलेली डाळ आठला पानात कच्चीच येईल. दुपारच्या जेवणावेळी उद्याचं सांगून ठेवलं की काम होतं.

घरून काय न्यावं? शेंगाची चटणी, मेतकूट आणि येसर. यातलं येसर सर्वांत उपयोगी: चमचाभर येसर गरम पाण्यात कालवून फोडणीत ओतलं की आमटी तयार, शिजायची वाट पाहायची नाही. स्वयंपाकीणबाईला एकदा करून दाखवलं तर दुसऱ्या दिवशी ती स्वतः करते. धपाटे दोन-तीन दिवसांपुरतेच न्या, ओलसर हवेत बुरशी येते. खाण्याचं काहीही खोलीत उघडं ठेवू नका, हे मात्र पक्कं. माकडं खिडकीची कडी उघडायला शिकलेली असतात आणि चिवड्याच्या वासावर खोलीभर बॅग विसकटतात. बाहेर पडताना खिडक्या बंद, डबा कपाटात.

पाणी, मच्छरदाणी, कपडे

पाणी पंपाने तळ्यातून शंभरेक मीटर वर चढवलेलं असतं किंवा पत्र्यावरून साठवलेलं पावसाचं. टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढलेल्या माणसाला इथे काही शिकवायची गरज नाही. काही ठिकाणी ‘बुश शॉवर’ असतो: वर टांगलेल्या पिशवीत साधारण वीस लिटर ऊन पाणी, खाली तोटी. अंग ओलं करा, तोटी बंद, साबण लावा, मग उघडा. वीस लिटर पुरून उरतं. बॉयलर लाकडावरचा असेल तर पाणी ठराविक वेळी तापतं. वेळ विचारून घ्या. नळाला गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी बादलीत धरा.

मच्छरदाणी संध्याकाळी सहालाच, म्हणजे जेवायला जाण्याआधी लावायची. आधी आतून टॉर्च मारून छिद्रं बघा. सापडलं तर वरून चिकटपट्टी लावा किंवा रबराने चुण्या बांधा. मग चारही बाजू गादीखाली हातभर आत खोचा. नुसती खाली सोडलेली जाळी निरुपयोगी, पहाटे उघडा पाय जाळीला टेकला की डास बाहेरूनच चावतो. मलेरिया इथे खरा आहे. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांकडून घ्या. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस. डॉक्सिसायक्लिन असेल तर परतल्यावर चार आठवडे. घरी आल्यावर गोळ्या सोडून देणं ही सर्रास होणारी चूक.

कपडे धुवायला देता येतात, आतले कपडे बहुधा आपले आपण धुवायचे. ते गवतावर किंवा झुडपावर वाळत घालू नका. टुंबू नावाची माशी ओल्या कपड्यावर अंडी घालते, अळी कातडीत शिरते आणि आठवड्याने गळवासारखी गाठ येते. उपाय साधा: दोरीवर, शक्यतो घराच्या आत वाळवा आणि प्रत्येक कपड्याला, अगदी मोज्यालाही, कडक इस्त्री फिरवा. उष्णतेने अंडी मरतात. लॉजची माणसं कोळशाच्या इस्त्रीने टॉवेलसुद्धा इस्त्री करून देतात, ते उगाच नसतं. अनवाणी मातीत फिरू नका, जिगर पिसू तळपायात शिरते.

तळं आणि जंगल

तळ्यात उतरायचं का, हे लॉजवाल्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका. काही तळ्यांत लोक पोहतात, काहींत बिलहार्झियाचा धोका असतो; हे कृमी पाण्यातून कातडीवाटे अंगात शिरतात. दुसरी गोष्ट पाण्याच्या खोलीची. नदीच्या घाटासारखा पायाखाली उतार नसतो, काठापासून दोन पावलांवर तळ गायब होतो. मुलांना लाइफ जॅकेटशिवाय नावेत बसवू नका, जॅकेट लहान मापाची आहेत का ते आधी पाहा.

जवळचं मोठं आकर्षण किबाले राष्ट्रीय उद्यानातले चिंपांझी. परवाना युगांडा वन्यजीव प्राधिकरणाचा, परदेशी पाहुण्याला जुलै २०२४ पासून २५० डॉलर. बुकिंगवेळी ताजा दर आणि मुलांसाठीची वयाची अट विचारा. रोजची संख्या मर्यादित असते, म्हणून आधी परवान्याची तारीख पक्की करा, मग लॉजच्या रात्री. उलटं केलं की लॉज मिळतो आणि चिंपांझी बघायचे राहून जातात. उद्यानातल्या कान्यांचू केंद्रातून गाइडसोबत निघायचं, चिंपांझी सापडल्यावर एक तास मिळतो. सर्दी-खोकला असेल तर जाऊ देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, माणसाचा साधा ताप त्यांच्या टोळीला घातक ठरतो. पॅंट मोज्यात खोचा. वाटेत सफारी मुंग्यांची काळी रांग लागते आणि तिच्यावर पाय पडला की त्या आतून मांडीपर्यंत चढून मग एकदम चावतात. परवाना महाग वाटला तर बिगोडीची पाणथळ वाट धरा. गावकरीच चालवतात, माकडं आणि निळा तुराको पक्षी दिसतो, आणि पैसा गावात राहतो. आमच्या मते ज्येष्ठांनी तर तीच करावी.

क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यान रस्त्याने दोन-तीन तासांवर. तिकडच्या लॉजवर मुक्काम असेल तर रात्री खोलीबाहेर एकट्याने पाऊल टाकायचं नाही. पाणघोडे चरायला अंगणात येतात. जेवणघरापर्यंत पोचवायला रखवालदार असतो, त्याला अस्कारी म्हणतात. टॉर्च तीनदा चमकवली की तो येतो का, की हाक मारायची, हे पहिल्याच दिवशी विचारा. त्या भागाची सुरक्षेची ताजी स्थितीही निघण्याआधी पाहा आणि प्रवास दिवसाच करा.

माणसांशी

काही मागण्याआधी विचारपूस करायची, हा तिथला रिवाज. ‘चहा आणा’ अशी थेट सुरुवात उद्धट वाटते. आधी ‘कसे आहात’, मग चहा. या भागातल्या टोरो लोकांत प्रत्येकाला जन्मनावाशिवाय एक एम्पाको असतं: अमूटी, अकिकी, अब्वोली अशा मोजक्या नावांतलं एक, आपुलकीने हाक मारायला. युनेस्कोने ही प्रथा २०१३ मध्ये जतनाच्या यादीत घेतली. कर्मचाऱ्याला त्याचं एम्पाको विचारून त्याने हाक मारली की सगळं सोपं होतं. तुम्हालाही एखादं मिळेल.

दहा जणांचा जथा असेल तर आवाजाचं भान ठेवा. तळ्याच्या वाटीत आवाज घुमून पलीकडच्या काठापर्यंत जातो. गाण्याच्या भेंड्या जेवणघरात, नऊपर्यंत. ब्लूटूथ स्पीकर घरीच. टिप खोलीतल्या मुलाच्या हातात न देता सामाईक पेटीत टाका, म्हणजे चुलीपाशी आणि बागेत राबणाऱ्यालाही वाटा मिळतो. माणशी रोजचे पाच ते दहा डॉलर रास्त. ड्रायव्हर-गाइडची वेगळी, थेट त्याच्या हातात.

डॉलर नवे, कोरे, पेनाची खूण नसलेले न्या. जुन्या छपाईच्या नोटा नाकारतात आणि लहान नोटांना भाव कमी देतात. एका प्रवासात तीन हजार डॉलरपर्यंत रोख परकीय चलन भारतातून नेता येतं. कार्डावर अधिभार लागतो आणि नेटवर्क नसलं तर मशीन चालत नाही, म्हणून बिल आदल्या रात्री चुकवा. पहाटे निघायचं तर डब्याचं जेवणही रात्री आठच्या आत सांगा. विम्यात हवाई रुग्णवाहिका धरलेली असू द्या. जवळची मोठी रुग्णालयं फोर्ट पोर्टललाच आहेत, गंभीर रुग्णाला कंपाला किंवा नैरोबी गाठावं लागतं.

मुंबईत उतरताना पिवळ्या तापाचं कार्ड पासपोर्टसोबत हातात ठेवा, चेक-इन बॅगेत नाही. ते दाखवता आलं नाही तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आणि परतल्यावर दोन-तीन महिन्यांत कधीही ताप आला, तर गावच्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच ‘युगांडाला जाऊन आलोय’ सांगा आणि त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या. तिकडचा मलेरिया बहुतांशी फाल्सिपॅरम या सर्वांत घातक जातीचा असतो. ‘व्हायरल असेल’ म्हणत दोन दिवस थांबलं तर तो मेंदू आणि किडनीपर्यंत जाऊ शकतो.